बापाचा रकाना

त्यांनी अर्ज दिला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं वय आता असं आहे की सांगायचं मधेच राहून जायचं. आमच्या बागेत काम केलेली दोन-चार माणसं अजून भिलाईत रुआबांध्याच्या टपरीवर चहाला भेटतात. ती आजही म्हणतात, बुढा पागल होता, आधी कुणाला काही बोलला नाही आणि ऐन वेळी ट्रकसमोर जाऊन उभा राहिला. ते आधी बोलले होते. लेखी बोलले होते. ते लिखाण माझ्या हातचं होतं आणि माझ्याच टेबलाच्या खणात पडून राहिलं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या मुलीने नको म्हटलं. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. बागेचंही नाव शोधू नका, ती आता त्या रूपात राहिलेली नाही. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपच्या टोकाला सागाची झाडं, एक तळं आणि जाळीच्या कुंपणातलं हरणांचं आवार, एवढी ती बाग होती. नवीन राज्य होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी तिथे बाबू होतो. आवक-जावक, हजेरी आणि जनावरांच्या जन्म-मृत्यूच्या वह्या माझ्याकडे.

काकाजी आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतून आलेले. कारखान्यात ते वीसेक वर्षं क्रेनवर होते. उंच केबिनमध्ये बसून खाली लाल लोखंड फिरताना पाहायचं, हे त्यांचं काम. त्या आवाजाने कान गेले तेव्हा त्यांना लाइट ड्यूटी म्हणून बागेत पाठवलं. हरणांची राखण म्हणजे कारखान्याच्या हिशेबाने हलकं काम.

आल्या आल्या त्यांनी आवाराच्या कडेला बांबूची मचाण बांधली. साहेबांनी विचारलं, ही कशाला, इथे काय वाघ मारायचाय? काकाजी म्हणाले, "साहेब, खालून पाहिलं तं जनावर दिसते. वरून पाहिलं तं चाल दिसते." मग तिथेच त्यांचा डबा, तिथेच त्यांची घोंगडी. वर बसून ते हाताने इशारे करायचे. क्रेनवाल्यांचे इशारे असतात, बोट वर करून फिरवलं की उचला, तळवा खाली केला की सोडा, मूठ आवळली की थांबा. वीस वर्षांत ते त्यांच्या हातात इतके मुरले होते, की हरणांना चारा टाकतानाही ते मूठ आवळून उभे राहायचे. हरणं थांबत नसत. काकाजींना त्याचं काही वाटत नसे.

कान गेले म्हणून त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही. सकाळी ते कुंपणाच्या तारेवर तळहात ठेवून उभे राहत. चितळ खुरानं जमीन आपटते ते त्यांना तारेतून कळायचं. "बिबट्या नाही. कुत्रं हाय," म्हणायचे, आणि थोड्या वेळाने खरोखरच तळ्याकडून एखादं कुत्रं निघायचं. माणसांचं बोलणं ते ओठांवरून वाचत. रोलिंग मिलमध्ये सगळेच ते शिकतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना समोर तोंड करावं लागे. पाठमोरं बोललेलं त्यांच्या लेखी बोललेलंच नसे.

हरणांना ते नावं ठेवू देत नसत. बागेत येणाऱ्या बाया पोरांना सांगायच्या, ती बघ राणी, ती बघ बिजली. काकाजी मचाणीवरून खाली उतरून त्यांना समजावत, "नाव दिलं का ते आपलं होते, बाई. ते आपलं नाही. ते इथं फक्त थांबलं हाय."

आणि त्यांची स्वप्नं. रोज सकाळी ऑफिसच्या पायरीवर बसून चहा पिता पिता ते स्वप्न सांगत. त्यांच्या स्वप्नांत माणसं क्वचितच असत. लोखंडाचा लाल पट्टा वाहत येतो आणि त्यावरून हरणं चालत जातात, पाय भाजत नाहीत. कधी तळं उलटं होतं आणि हरणं आभाळातून पाणी पितात. माळी हसायचे. एक जण म्हणायचा, "काकाजी, तुमच्या स्वप्नात आमाले कधी घ्याल?" काकाजी त्याच्या ओठांकडे बघून गंभीरपणे सांगत, "तू गवत बरोबर नाही कापत. हरणं तुले येऊ देत नाही."

हिवाळ्यात भिलाईचं धुकं वेगळंच असतं. तळ्यावरची वाफ आणि कारखान्याचा धूर एकमेकांत मिसळतात, आणि सकाळी नऊपर्यंत आवारात काही दिसत नाही. दिसतात ते नुसते पाय. पोटापासून वरचं सगळं पांढऱ्यात बुडालेलं. सूर्य कुठे आहे तेही समजत नाही, पण कुठेतरी एक बाजू मोसंबीसारखी होते. मी हजेरीची वही घेऊन कुंपणापाशी जायचो, तेव्हा काकाजी वरून म्हणायचे, "बाबू, चुपचाप राय. आता जनावराले आपली जात आठवत नाही. धुक्यात सगळे सारखेच."

मला ते त्यांच्या स्वप्नांपैकीच एक वाटायचं.

आमच्या आवारात चितळं होती, आणि एक पाढा. पाढा म्हणजे उत्तरेकडच्या नदीकाठच्या उंच गवतात राहणारं हरीण. ठेंगणं, जाड मानेचं, मातकट. पळताना ते मान खाली घालून डुकरासारखं गवतात घुसतं. चितळासारखी उडी मारत नाही. जनावरांच्या अदलाबदलीत तिकडून एक जोडी आली होती. मादी महिन्याभरात मेली. नर एकटा राहिला. त्याच्यासाठी वेगळं आवार बांधायचं होतं, ते होईपर्यंत त्याला चितळांत सोडावं अशी टिप्पणी मी तयार केली. "अस्थायी रूप से" असे शब्द मीच घातले. वेगळं आवार कधी झालं नाही. तात्पुरता तो तिथे तीन वर्षं राहिला.

काकाजींनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. म्हणाले, "हे दोघं रानात कधी भेटलेच नसते. हा गवतातला, त्या सालाच्या झाडाच्या सावलीतल्या. आपण भेटवून राहिलो."

मी म्हटलं, "भेटले तर भेटले, काकाजी. शेजारी राहतील."

"तू शेजारीच म्हण," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस एका चितळीला पिल्लू झालं. मादी होती. अंगावर पांढरे ठिपके, जसे असतात तसे. मी वहीत लिहिलं. आमच्या वहीत रकाने असे होते: जन्माची तारीख, आई, जात, नर की मादी, शेरा. आई चितळ, म्हणजे जात चितळ. असंच लिहीत आलो होतो. आई समोर उभी असते, पिल्लाला चाटत असते, तिच्याबद्दल वाद नसतो. बाप कोण ते कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून तो विचारायचाच नाही, अशी ऑफिसची रीत.

काकाजी वही पाहायला आले. बोट रकान्यांवरून फिरवत शेवटपर्यंत गेले, मग परत सुरुवातीला आले.

"बाबू, बापाचा रकाना कुठं हाय?"

"छापलाच नाही, काकाजी."

"तं आखून घे न. पट्टी तं हाय तुह्यापाशी."

मी हसलो. तेही हसले, पण गेले नाहीत. माझ्याकडे तोंड करून बसून राहिले. मग म्हणाले, "शिंगाची वही काढ."

हरणाचं शिंग गळून पडलं की ते ऑफिसात जमा करावं लागे, आणि त्याची वेगळी नोंद असे. काकाजी ते शिंग गमछ्यात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसं आणत आणि माझ्या फायलींवर ठेवत. मी वही काढली. आवारात तेव्हा चितळाचा मोठा नर एकच होता, बाकीची पोरं होती. त्या नराची दोन्ही शिंगं कार्तिकात पडल्याची नोंद होती. माझ्याच अक्षरात. नवी शिंगं निघून त्यांची लव घासली जाऊन ती पक्की व्हायला फाल्गुन उजाडला होता. शिंगं नसलेला नर मादीजवळ जात नाही, मागे मागे राहतो, हे इतक्या वर्षांत मलाही ठाऊक झालं होतं. चितळी साडेसातेक महिने गाभण असते. मी श्रावणापासून बोटांवर मागे मोजत गेलो. पौष आला. पौषात आवारात शिंगं असलेला नर एकच होता.

काकाजी माझी बोटं पाहत होते. म्हणाले, "ते धुकं होतं न, तेव्हा."

मी वही मिटली. "पिल्लू मोठं होऊ द्या. मग बघू," म्हटलं.

पिल्लू मोठं झालं. चितळाचे ठिपके जन्मभर टिकतात. पाढ्याच्या पिल्लाचे विरून जातात. हिचे कुशीवरचे विरले, आणि पाठीच्या कण्यावरून दोन ओळी तेवढ्या राहिल्या, जसं कुणी पुसता पुसता थांबलं असावं. पाय थोडे आखूड. कळप दचकून उडाला की इतर चितळं हवेत जात आणि ही मान खाली घालून सरळ झुडपात शिरे. मग झुडपाच्या पलीकडून आईकडे बघत राही. आई मात्र तिला कधी दूर लोटत नसे. संध्याकाळी कारखान्याकडे लोखंडाची तापलेली मळी ओतली की सगळं आभाळ केशरी व्हायचं, आणि त्या उजेडात ही त्या दोन ओळी पाठीवर घेऊन तळ्याकाठी उभी असायची. त्या घटकेला मलाही वाटायचं, की हे जनावर या जगात थोडं चुकून आलं आहे आणि त्याला ते माहीत आहे.

काकाजींना तिचा राग नव्हता. उलट तीच त्यांची सगळ्यात लाडकी होती, हे ते कबूल करत नसत एवढंच. "तिचं काई चुकलं नाही," म्हणायचे. "चूक आपण लिहिली."

मग बातमी आली. बागेत चितळं फार झाली आहेत, त्यांतली तीस वनखात्याला द्यायची. ते ती रानात सोडणार. वाघाला भक्ष्य हवं आणि त्या रानात चितळं कमी झाली होती. यादी करायची होती, आणि वहीत जी चितळ ती यादीत चितळ.

त्या दुपारी काकाजी ऑफिसात आले. बाकी सगळे जेवायला गेले होते. ते पंख्याखाली माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "अर्ज लिही." त्यांना सही यायची, लांब लिहिणं येत नसे. मी निळ्या शाईचं पेन काढलं आणि त्यांचं बोलणं ऑफिसच्या हिंदीत घालत गेलो.

"मी बोलतो तसंच लिही न."

"साहेबांना तसं चालत नाही, काकाजी."

"साहेबाले हरीण चालते, मंग हे कावून चालत नाही?"

त्यांचं म्हणणं थोडकं होतं. ही एक मादी निव्वळ चितळ नाही, हिचा बाप पाढा आहे. हिला रानात पाठवू नये, मरेपर्यंत इथेच सुखात ठेवावी. पाढ्याला वेगळं करावं. आणि एक वाक्य त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं: तिथं गेली तं तिचे लेकरं कळपात मिसळतीन, अन् मंग जगातला कोणताच साहेब ते परत वेगळं करू शकणार नाही. मी ते लिहिलं. त्यांनी सही केली, एक एक अक्षर आवळून, जणू क्रेनची दांडी सरकवत होते.

"उद्या आवक करतो," मी म्हटलं.

आवक केली नाही. कारण साधं आहे आणि लाजिरवाणं आहे. पाढ्याला चितळांत सोडण्याची टिप्पणी माझी होती. दोन जातींची जनावरं एकत्र ठेवून संकर झाला हे कागदावर आलं असतं, तर पहिलं बोट माझ्याकडे आलं असतं. त्याच महिन्यात तपासणी होती आणि मोठ्या बाबूच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं. तपासणी होऊ दे, मग काढू, असं म्हणत मी तो कागद खणात तळाशी ठेवला. तपासणी झाली. जागा मिळाली. कागद तिथेच.

ट्रक आला तो दिवस मला फार स्वच्छ आठवतो, आणि तरीही तो एखाद्या झोपेतल्यासारखा आहे. हरणांना पकडायला धावाधाव करत नाहीत. दोन बाजूंनी हिरव्या कापडाच्या भिंती उभ्या करतात, पुढे पुढे अरुंद होत जाणाऱ्या. जनावरांना वाटतं, झाडीच आहे. ती आपल्या पायांनी चालत जातात आणि शेवटी ट्रकमध्ये असतात. सकाळची उन्हं त्या कापडातून हिरवी होऊन येत होती आणि तीस हरणं आवाज न करता त्या हिरव्यातून चालत गेली. पाठीवर दोन ओळी असलेली ती मादी सगळ्यात शेवटी गेली. मान खाली घालून.

फळी बंद झाली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, आणि काकाजी समोर जाऊन मूठ आवळून उभे राहिले.

ड्रायव्हर आधी कारखान्यात ठेक्यावर होता. मूठ दिसताच त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. साहेब ओरडले, "गाड़ी क्यों रोकी?" तो बिचारा म्हणाला, "कका हाथ दिखाइस, त मैं रोक देंव." लोक हसले. काकाजी हसले नाहीत. मूठ तशीच.

"एक उतरवा. ती चितळ नाही," ते म्हणाले. "मी अर्ज देला हाय. बाबूले विचारा."

साहेबांनी मला बोलावलं. विचारलं, "इन्होंने कभी लिखकर दिया है?"

मी साहेबांकडे तोंड केलं, म्हणजे काकाजींकडे पाठ. म्हटलं, "नहीं सर. ऐसा कोई आवेदन नहीं आया."

मागून काकाजींचा आवाज आला. "बाबू, काय म्हटलं तू? माह्याकडे पाहून सांग."

मी तिथून निघून जाऊ शकलो असतो. नाही गेलो. वळलो, आणि त्यांना नीट वाचता यावं म्हणून सावकाश बोललो. "तुम्ही अर्ज दिला नाही, काकाजी."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. ओठ थांबल्यावरही बघत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर मी हे आज लिहीत बसलो नसतो. त्यांचा चेहरा नुसता गोंधळला, सकाळी स्वप्न सांगताना मधेच दुवा सुटला की व्हायचा तसा. त्यांनी मूठ उघडली.

"मंग मले तसं वाटलं असन," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

त्यांची मचाण त्याच आठवड्यात तोडली. त्यांना रोपवाटिकेत माती भरायला बसवलं. तिथे एकदा मी कामानिमित्त गेलो असताना त्यांनी मला हाताने बोलावलं. पिशवीत माती दाबत दाबत म्हणाले, "बाबू, एक विचारू काय? आपण पंख्याखाली बसलो होतो न? तू निळ्या शाईनं लिहून राहिला होता?"

"नाही, काकाजी."

"सही केली होती मी."

"नाही."

ते थोडे हसले. "मंग स्वप्नच ते. लय खरं वाटलं."

त्या बिचाऱ्या मादीचं रानात काय झालं मला माहीत नाही. वाघाने नेली असेल, किंवा नसेल. नसेल नेली तर आज तिच्या लेकींच्या लेकी असतील, कुणाच्या पाठीवर दोन ओळी असतील, कुणाच्या नसतील, आणि त्या रानातल्या चितळांचा बाप कोण हे यापुढे कुणालाही पूर्ण सांगता येणार नाही. कधी कधी दुपारी डोळा लागतो तेव्हा मला ते रान दिसतं. मी तिथे वही घेऊन उभा असतो. हरणं माझ्यासमोरून जात राहतात आणि मी एकीचीही नोंद करू शकत नाही.

काकाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त होताना खण रिकामा केला, तेव्हा तो कागद घरी आणला, आणि घरीही ट्रंकेत ठेवला. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझ्या छातीची तपासणी केली आणि फारसं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून जवळच्या उतई गावी गेलो. त्यांची मुलगी तिथे असते.

तिने पाणी दिलं. मी बागेतला बाबू म्हटल्यावर ती ओळखीचं हसली. "बाबा तुमचं नाव घेत होते. त्यांचं एक स्वप्न होतं न, नेहमीचं. पंखा फिरून राहिला, बाबू निळ्या शाईनं लिहून राहिला, अन् ते सही करून राहिले. शेवटी शेवटी तं रोजच सांगत. आई म्हणे, झालं का तुमचं पुन्हा? आम्ही लय हसत होतो त्यांले."

मी कागद काढून तिच्या हातात दिला.

तिने वाचला. सही पाहिली. पुन्हा वरून वाचला. मी जे केलं ते सगळं तिला सांगितलं, जसं इथे लिहिलं तसंच. शेवटी ती म्हणाली, "ते घरात पडून नव्हते, काका. चालत-बोलत होते. पेन्शनीसाठी दर महिन्याले सिविक सेंटरले येत होते. तुमाले कधी भेटले नाही काय?"

"भेटायचे," मी म्हटलं. "चहा प्यायचो आम्ही."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा तिने कागद माझ्यापुढे धरला. "मले देऊन काय करता? मी काय साहेब हाओ? हा जिथं द्याचा होता तिथं द्या."

बागेचं ते ऑफिस आता नाही आणि हरणं वनखात्याकडे गेली, म्हणून गेल्या सोमवारी मी वनखात्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने कागद उलटसुलट पाहिला. "अंकल, ये तो बहुत पुराना है. आवेदक खुद नहीं आए?"

"वो नहीं रहे."

"तो अब इसका क्या होगा?"

"मालूम नहीं, बेटा. चढ़ा लीजिए बस."

तिला दया आली असावी. तिने एक छापील फॉर्म पुढे ओढला आणि मला विचारत भरायला लागली. आवेदकाचं नाव मी सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. विषय सांगितला. मग तिचं पेन एका ओळीवर थांबलं.

"यहाँ विलंब का कारण लिखना पड़ता है," ती म्हणाली. "क्या लिखूँ?"

मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि त्या ओळीवर माझं नाव लिहिलं.